हिमनद्यांचे चढउतार, हिमयुगोत्तर

शेवटचे हिमयुग ओसरल्यानंतरच्या सुमारे ११,७०० वर्षांत, म्हणजे होलोसीन काळात, पर्वतीय हिमनद्यांच्या लांबी-जाडीत झालेले बदल. या नद्या तेव्हापासून नुसत्या वितळतच आल्या, हा समज चुकीचा आहे. आल्प्समधील अनेक हिमनद्या होलोसीनच्या पूर्वार्धात बराच काळ विसाव्या शतकातल्यापेक्षा आखूड होत्या. आता बर्फ हटताच त्याखालून त्या काळच्या झाडांचे ओंडके निघतात.

हिमनदीचा सगळा मामला जमाखर्चाचा. वर पडणारे हिम ही जमा, खाली वितळणारे पाणी हा खर्च. जमा जास्त झाली की काही वर्षांनी वा दशकांनी हिमनदीचे खालचे टोक, म्हणजे मुख, पुढे सरकते. मुखाने रेटत आणलेला दगडमातीचा ढिगारा म्हणजे हिमोढ. त्यावरच्या शिळांत वैश्विक किरणांमुळे साचलेले बेरिलियम-१० (बेरिलियम मूलद्रव्याचा एक प्रकार) मोजून शिळा केव्हा उघड्या पडल्या हे ठरवतात. अडचण अशी की, नंतरची मोठी आगेकूच आधीचे छोटे हिमोढ पुसून टाकते, त्यामुळे पुरावा तुटकच राहतो.

सोलापूरच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटेल. भीमा उगम पावते सह्याद्रीत, भीमाशंकरला. उजनी भरते ती पावसावर, हिमावर नव्हे. तरीही धागा एकच आहे. पृथ्वीची कक्षा व अक्ष यांतील संथ बदलांमुळे उत्तर गोलार्धातले उन्हाळी ऊन होलोसीनच्या आरंभी प्रखर होते, पुढे ते उतरत गेले. त्यामुळे गेल्या चार-पाच हजार वर्षांत उत्तरेकडील हिमनद्या पुन्हा वाढल्या आणि इकडे मोसमी पाऊस मंदावला. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या लोणार सरोवराच्या गाळात तो कोरडेपणा नोंदला गेला आहे. हिमालयात मात्र गणित उलटे पडले: मोसमी वारे जोरात असताना, होलोसीनच्या सुरुवातीला, तिथल्या काही हिमनद्या पुढे आल्या. थंडी वाढली तरच हिमनदी वाढते असे नाही, हिमही पुरेसे पडावे लागते.

सुमारे १३०० ते १८५० हे लघु हिमयुग. ज्वालामुखींचे उद्रेक व मंदावलेला सूर्य ही त्याची मुख्य कारणे मानतात. त्यानंतर आल्प्समधली आलेच हिमनदी तीन किलोमीटरांहून अधिक आखडली. यातली अलीकडची घट मुख्यतः मानवनिर्मित तापमानवाढीची. चारधामला जाणाऱ्या सोलापूरकरांना गंगोत्री मंदिरापासून सुमारे १८ किलोमीटर चालल्यावर गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचे मुख, लागते. तेही मागे हटत आहे. काराकोरममधल्या काही हिमनद्या मात्र अलीकडच्या दशकांत स्थिर राहिल्या, काही तर पुढेही सरकल्या.