उमराव दांपत्यांची जोडचित्रे आणि हस्तिदंताचा प्रश्न

एखाद्या इंग्रज अर्लचे, म्हणजे उमरावाचे, आणि त्याच्या पत्नीचे, काउंटेसचे, छोटे व्यक्तिचित्र लिलावाच्या यादीत शेजारीशेजारी छापलेले दिसते, तेव्हा ती दोन्ही मुळातच शेजारी टांगण्यासाठी काढली असावीत असा समज होतो. अठराव्या शतकात बहुधा याच्या उलट घडत असे. पतीचे चित्र पत्नीच्या गळ्यात किंवा मनगटावर राही आणि पत्नीचे चित्र पती जवळ बाळगी, अनेकदा कपड्यांच्या आत. तिसऱ्या जॉर्जने १७६१ मध्ये विवाहाच्या वेळी आपल्या राणीला मोत्यांच्या कंकणात जडवलेले स्वतःचे लघुचित्र दिले होते. जोडीची खूण चित्रांच्या आतच असे: पती पाहणाऱ्याच्या डावीकडे, पत्नी उजवीकडे आणि दोघांचे खांदे एकमेकांकडे वळलेले, हा संकेत मोठ्या तैलचित्रांतून आलेला होता.

अशा छोट्या व्यक्तिचित्रांची सुरुवात १५२० च्या दशकात फ्रान्स आणि इंग्लंडच्या दरबारांत झाली. तेव्हा पातळ चर्मपत्र पत्त्याच्या पानावर चिकटवून त्यावर जलरंगात काम केले जाई. ‘मिनिएचर’ या शब्दाचा आकाराशी मूळचा संबंध नाही. लॅटिनमधील ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांतील अक्षरे शेंदराने रंगवण्याच्या क्रियेवरून हा शब्द आला आणि पुढे ‘लहान’ या अर्थाच्या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे त्याचा अर्थ सरकला. मराठीतील ‘लघुचित्र’ हा शब्द त्या सरकलेल्या अर्थाला धरून आहे.

खरा बदल १७०० च्या सुमारास झाला. व्हेनिसमधील एका चित्रकर्तीने तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांसाठी वापरला जाणारा हस्तिदंत व्यक्तिचित्रांसाठी घेतला आणि १७०५ मध्ये रोमच्या कलाअकादमीत तिला प्रवेश मिळाला, तोही हस्तिदंतावरील चित्राच्याच बळावर. पुढच्या काही वर्षांत हे तंत्र इंग्लंडला पोहोचले. हस्तिदंत गुळगुळीत आणि स्निग्ध असल्यामुळे त्यावर जलरंग धरत नाही. म्हणून सुरुवातीचे चित्रकार तो दाट रंगाने जवळजवळ झाकूनच टाकत. १७६० नंतरच्या पिढीने मात्र पृष्ठभाग प्यूमिस दगडाने घासून, त्यातील तेल काढून, डिंक मिसळलेले पारदर्शक रंग बारीक रेषा-ठिपक्यांनी लावण्यास सुरुवात केली आणि चेहऱ्याच्या जागी हस्तिदंत जवळजवळ उघडाच ठेवला. हस्तिदंताचा पत्रा इतका पातळ कापला जाई की काही चित्रकार चेहऱ्याच्या मागे चांदीचा वर्ख ठेवून त्वचेला आतून उजळपणा देत. काउंटेसच्या गालावर दिसणारी कांती ही अर्धी रंगाची आणि अर्धी हस्तिदंताची असते, आणि पुढील वादासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

मागणी प्रचंड होती. लंडनमधील एकाच चित्रकाराच्या नोंदवहीत १७७५ ते १८१३ या काळातील ४,८५३ लघुचित्रे आढळतात. पूर्वी सुमारे चार सेंटिमीटर उंचीची असणारी लंबगोल चित्रे शतकाच्या अखेरीस सात-आठ सेंटिमीटरपर्यंत वाढली. मागच्या बाजूला काचेखाली गुंफलेले केस आणि त्यावर आद्याक्षरे ठेवली जात. आज फुटलेल्या जोड्या जुळवताना हे केस, ही अक्षरे आणि चौकटीची घडण यांचाच आधार घ्यावा लागतो, कारण वारसांच्या वाटण्यांमध्ये या जोड्या सहज विभागल्या गेल्या.

याच काळात हे तंत्र भारतात आले. लंडनचा एक नामवंत लघुचित्रकार १७८५ ते १७९५ या काळात मद्रासमध्ये राहिला. त्याने कंपनीचे अधिकारी आणि अर्काटच्या नवाबाचे कुटुंब रंगवले आणि भारतातील कामावर सहीजवळ ‘इंडिया’साठी ‘आय’ हे इंग्रजी अक्षर लिहिले. एकोणिसाव्या शतकात दिल्लीचे चित्रकार शाहजहान आणि मुमताज महल यांच्या हस्तिदंती जोड्या युरोपीय प्रवाशांसाठी करू लागले. त्यांतील मुमताजचा चेहरा कल्पनेतला होता, हे मुद्दाम सांगायला हवे. १८३९ नंतर छायाचित्राने हा व्यवसाय हळूहळू संपवला.

आजचा वाद चित्रांचा नसून त्यांच्या पाटीचा, म्हणजे ज्यावर ती रंगवली त्या हस्तिदंताचा आहे. ब्रिटनच्या संसदेने २०१८ मध्ये हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी घालणारा कायदा केला आणि मोजक्या अपवादांमध्ये १९१८ पूर्वीच्या व्यक्तिलघुचित्रांना स्थान दिले. विधेयकाचा प्रवास चालू असताना त्यात आकाराची अट आली: चौकट वगळून रंगवलेल्या भागाचे क्षेत्रफळ ३२० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, म्हणजे साधारणपणे १६ बाय २० सेंटिमीटर. कायद्याविरुद्ध व्यापाऱ्यांच्या बाजूने न्यायालयात दिलेले आव्हान टिकले नाही आणि ६ जून २०२२ पासून बंदी लागू झाली. आता विकायच्या लघुचित्राची आधी सशुल्क नोंदणी करावी लागते.

सवलतीचे समर्थन असे केले गेले की या चित्रांचे मोल चित्रकामात आहे, हस्तिदंतात नाही, आणि त्यामुळे त्यांच्या विक्रीने हत्तींच्या शिकारीला चालना मिळत नाही. यातील दुसरा भाग पटण्यासारखा आहे, कारण दोनशे वर्षांपूर्वीचा रंगवलेला पातळ पत्रा नव्या कोरीवकामासाठी कोणी घेणार नाही. पहिला भाग मात्र या कलेच्या इतिहासाशी जुळत नाही. १७६० नंतरच्या चित्रकारांनी हस्तिदंताला निव्वळ पाटी मानले नव्हते. त्वचेचा रंग म्हणून त्यांनी तोच वापरला होता. सवलत योग्य आहे, पण तिचे कारण चित्रे न पाहता लिहिल्यासारखे वाटते. आकाराच्या अटीतही अडचण आहे. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंत गोल फिरवून सोलण्याचे यंत्र आल्यावर मोठे पत्रे मिळू लागले आणि आयताकृती मोठी लघुचित्रे काढली गेली. त्यांतील सर्वांत मोठी चित्रे, तंत्र तेच असूनही, या अपवादाबाहेर पडतात.

भारतात वयाची सवलतच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९८६ मध्ये भारतीय आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्यामुळे मद्रासमध्ये रंगवलेले ‘आय’ अक्षराचे लघुचित्र लंडनमध्ये नोंदणीनंतर विकता येते, तर भारतात ते वारसाकडे जाऊ शकते, बाजारात जाऊ शकत नाही. पतीचे चित्र इथे आणि पत्नीचे तिथे राहिले असेल, तर खरेदीच्या मार्गाने ती जोडी आज पुन्हा जुळवता येणार नाही.