आजीच्या नडग्यांवरचा व्यायाम

गोव्यात पेडणे-डिचोलीकडच्या घरांत बाळाची आंघोळ अजून आजीच्याच हातची. ती न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर पालथे घालते आणि पाठीवर खोबरेल जिरवते. बाळ मान वर करून भाणाखालच्या, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायच्या हंड्याखालच्या, विस्तवाकडे टकमक बघते. हे सगळे पंधरा मिनिटांत उरकते, पण तेवढ्यात मानेला, खांद्यांना आणि पाठीला रोजचा व्यायाम मिळतो.

बाळ बसते-चालते ते वयानुसार, आपोआप, असे आपण मानतो. ते अर्धेच खरे. केनियातल्या किप्सिगिस जमातीतल्या आया बाळाला बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. संशोधक चार्ल्स सुपर यांनी १९७०च्या दशकात नोंदवले, की ती बाळे अमेरिकी बाळांपेक्षा साधारण महिनाभर आधी बसतात आणि चालतात. रांगायला मात्र तिथे कोणी शिकवत नाही आणि त्यात ती पुढेही नसतात! उलट पाराग्वेच्या जंगलातले आचे लोक धोक्यापायी मूल जमिनीवर सोडतच नाहीत. ती मुले जवळजवळ दोन वर्षांची होऊन चालतात आणि पुढे उंच झाडांवर सराईतपणे चढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या नोंदी मांडल्या. आधाराशिवाय चालण्याचे वय निघाले ८.२ ते १७.६ महिने. सुमारे ४ टक्के मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणून ‘शेजारचा नवव्या महिन्यात चालला’ हे ऐकून आईने जीव जाळू नये.

काळजी वाटते ती पणजी-मडगावच्या फ्लॅटमधल्या बाळांची. तिथे न्हाणी नाही, आजी गावी, आणि बाळ दिवसभर खुर्चीत किंवा झोळीत. त्याला जमिनीवर चटई टाकून पालथे घाला. सुरुवातीला ३ ते ५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, पुढे वाढवत एकूण अर्धा तास. बाळ जागे हवे, दूध पिऊन थोडा वेळ गेलेला हवा आणि कोणीतरी समोर बसलेले हवे. झोपवताना मात्र नेहमी उताणेच.

वॉकर घेऊ नका. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत जाते, तोल सांभाळायला शिकत नाही आणि पायऱ्यांवरून कोसळते. कॅनडाने २००४मध्ये त्यावर बंदीच घातली. मालीश करताना नाकात तेल घालायची चाल तर आजच सोडा, ते फुप्फुसात उतरते. पाणी आधी कोपराने पाहा, कढत नको, कोमट हवे.

अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, वर्षाच्या आत एकच हात वापरत असेल किंवा जमत असलेली गोष्ट सोडून देत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.