डोसर टिकटिकतो, पण औषध जातं का?

नळयोजनेच्या पंपघरात कोपऱ्यात ड्रम, ड्रमवर छोटा डोसर, म्हणजे क्लोरीनचं द्रावण ठरल्या मापाने पाण्यात सोडणारा पंप, आणि त्यातून मेन लाइनला गेलेली बोटाएवढी नळी. डोसरचा दिवा लुकलुकतो, टिकटिक ऐकू येते, म्हणून जलसुरक्षक निर्धास्त असतो. आवाज मात्र डोसरमधल्या विजेच्या कॉइलचा असतो. व्हॉल्व्हमध्ये चुन्याचा एक खडा अडकला, तरी टिकटिक तशीच चालते आणि क्लोरीनचा एक थेंबही पाण्यात पडत नाही.

आधी हिशेब. मोटर तासाला 10,000 लिटर पाणी टाकीत चढवते आणि लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं आहे, तर तासाला 20 ग्रॅम क्लोरीन लागेल. ड्रममधलं द्रावण 1 टक्क्याचं असेल तर त्याच्या एका लिटरमध्ये 10 ग्रॅम क्लोरीन, म्हणजे तासाला 2 लिटर द्रावण. असं द्रावण करायला 100 लिटर पाण्यात 33 टक्के क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर 3 किलो घालावी. पोतं उघडं राहून पावडर 25 टक्क्यांवर उतरली असेल, तर तेवढ्याच कामाला 4 किलो लागते.

पावडर थेट डोसरच्या ड्रममध्ये ओतणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. टीसीएलमध्ये चुना भरपूर असतो आणि तो विरघळत नाही. दुसऱ्या ड्रममध्ये द्रावण करून रात्रभर ठेवा, सकाळी वरची निवळीच घ्या. फूट व्हॉल्व्ह (सक्शन नळीच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह) तळापासून चार-पाच इंच वर लटकता ठेवा. नळी खाली राहावी म्हणून तिला लोखंडी नट बांधलेला दिसतो, तो काढून टाका. लोखंड आणि तांबं क्लोरीनचं द्रावण लवकर निकामी करतात.

निवळी वापरली तरी खडा होतोच, फक्त जागा बदलते. बेसाल्टातल्या बोअरचं पाणी जड असतं. क्लोरीनचं द्रावण तीव्र अल्कली असतं. दोघांची गाठ इंजेक्शन पॉइंटच्या, म्हणजे डोसरची नळी मेन लाइनला मिळते तिथल्या टोकाशी पडते आणि पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तिथेच बसतं. भांड्याच्या तळाला धरणारा पांढरा क्षार तो हाच. जड पाण्याच्या गावात हे टोक महिन्यातून एकदा काढून बघावं.

सफाईसाठी मोटर आणि डोसर बंद करा, लाइनचा दाब सोडा. मग सक्शनची नळी साध्या पाण्याच्या बादलीत टाकून, मेन लाइनपासून सोडवलेलं टोक दुसऱ्या बादलीत धरून दहा मिनिटं डोसर चालवा. ही दहा मिनिटं वाचवू नका: क्लोरीनच्या द्रावणाला अॅसिड लागलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेततो. त्यानंतरच व्हॉल्व्ह खोला आणि व्हिनेगरमध्ये, किंवा नऊ भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक अॅसिड टाकून (अॅसिड पाण्यात, पाणी अॅसिडमध्ये नव्हे) पंधरा मिनिटं भिजवा. बुडबुडे थांबले की चुना गेला. पुन्हा भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे, चष्मा घाला आणि दार उघडं ठेवा.

जोडताना व्हॉल्व्हवरचा बाण बघा, तो प्रवाहाच्या दिशेने हवा. आतली गोळी स्वतःच्या वजनाने बसते. व्हॉल्व्ह उलटा बसला की डोसर ओढतच नाही. वायसर कंपनीने सांगितलेलंच घ्या. सायकलच्या ट्यूबमधून कापलेलं वायसर क्लोरीन लवकरच खाऊन टाकतं.

उन्हाळ्यात वेगळंच दुखणं. टिनाच्या पंपघरात 45 अंशांत हायपो (पावडरीऐवजी वापरायचं सोडियम हायपोक्लोराइटचं तयार द्रावण) फुटतो आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. डोसरच्या डोक्यात हवेचा बुडबुडा अडकला की डायफ्रॅम (डोसरमधला द्रव ढकलणारा लवचीक पडदा) तो बुडबुडाच दाबत-सोडत राहतो, द्रव हलत नाही. एअर काढायचा स्क्रू सैल करून सलग धार येईपर्यंत डोसर चालवा. सक्शन नळीला कमान राहू देऊ नका, ड्रम सावलीत ठेवा, हायपो पंधरा दिवसांपुरताच आणा आणि पातळ करून वापरा; पातळ द्रावण हळू फुटतं.

मोटर थ्री फेजवर आणि डोसर सिंगल फेजवर असतो. गावात सिंगल फेज सुरू आणि थ्री फेज बंद असली, की थांबलेल्या लाइनमध्ये डोसर रात्रभर औषध ओततो. सकाळी पहिल्या पाण्याला उग्र वास येतो, लोक टाकीला दोष देतात आणि कोणीतरी डोसरच बंद करून ठेवतं. वायरमनकडून डोसर मोटरच्या स्टार्टरला जोडून घ्या, म्हणजे मोटर चालू तरच डोसर चालू.

खरी तपासणी मोजमापाने होते, आणि तीही मोटर चालू असताना, कारण लाइनच्या दाबाखाली डोसर कमी ओढतो. मापाच्या उभ्या भांड्यात ड्रममधलंच द्रावण भरा, सक्शनची नळी त्यात घाला आणि तीन मिनिटं मोजा. वरच्या हिशेबाने 100 मिली कमी झालं पाहिजे. 60च झालं तर स्ट्रोक (डोसर दर ठोक्याला ढकलतो ते माप) वाढवण्याआधी व्हॉल्व्ह खोलून बघा. बरोबर 100 झालं, तरीही टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला ओटी टेस्टमध्ये (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून होणारी क्लोरीनची तपासणी) 0.2 पीपीएमचा, म्हणजे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमचा, पिवळा रंग उतरत नसेल, तर डोसरला हात लावू नका. पावडरीचं पोतं बघा, आणि त्यातही काही नसेल तर पाइपलाइन कुठल्या नालीतून गेली आहे ते बघा.