सिमला ऑफिस आणि पाषाणची संस्था: ‘पुण्याचा अंदाज’ नेमका कुणाचा?

ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षाची बाग पोंग्यात आली, म्हणजे डोळे फुटू लागले, की निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराचं अर्धं लक्ष आभाळाकडे असतं आणि अर्धं मोबाईलकडे. कोवळ्या फुटीवर पाऊस रेंगाळला तर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, फुलोऱ्यात सापडला तर घडकुज. याच दिवसांत ग्रुपवर रंगीत नकाशे फिरतात आणि खाली एकच ओळ असते, ‘पुणे वेधशाळेचा अंदाज’. नकाशा मोठा करून बघा. कोपऱ्यात कधी हवामान विभागाचं नाव असतं, कधी ‘आयआयटीएम’चं. ही दोन्ही नावं एकाच कचेरीची, असं समजणारी कितीतरी माणसं मला भेटतात, त्यात वर्षानुवर्षं निर्यातीचा माल काढणारीही आहेत. फवारणीचा खर्च याच फरकावर ठरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण जिला वेधशाळा म्हणतो तो भारतीय हवामान विभाग. 1864 मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपलं, पुढे 1866 आणि 1871 मध्ये पावसाने दगा दिला. त्यानंतर 1875 मध्ये हा विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. हिमालयावरच्या बर्फावरून पावसाळ्याचा नियमित अंदाज देण्याची सुरुवात त्यांचीच, 1886 मधली. मुख्यालय कलकत्त्याहून 1905 मध्ये सिमल्याला गेलं, 1928 मध्ये पुण्याला आलं आणि 1944 मध्ये दिल्लीला हललं. शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते यामुळेच. सोळा वर्षं देशाच्या हवामानाचा कारभार तिथून चालला. शेतीच्या हवामानाची शाखाही 1932 मध्ये पुण्यातच निघाली. ‘पुणे वेधशाळा’ हे नाव आपल्याकडे तीन पिढ्या टिकलं, यात नवल नाही.

आता दुसरं नाव. आयआयटीएम म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. आद्याक्षरांमुळे काहींना हे आयआयटीचंच एखादं अंग वाटतं, पण तसा काही संबंध नाही. हवामानशास्त्राचं बरंचसं पुस्तकी ज्ञान युरोप-अमेरिकेत तयार झालं. तिकडे थंड आणि उष्ण हवेच्या सीमा सरकतात आणि त्यांच्या मागोमाग पाऊस येतो. आपल्याकडे तापलेल्या जमिनीवर दुपारी ढग उभा राहतो, आणि समुद्रावरून येणारे मोसमी वारे चार महिने सगळं गणित बदलून टाकतात. तिकडची सूत्रं इथे जशीच्या तशी लागू पडत नव्हती. इथल्या हवेचा अभ्यास इथेच व्हावा म्हणून 17 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात ही संस्था सुरू झाली. पी. आर. पिशारोती पहिले संचालक होते. सुरुवातीला ती हवामान विभागाचाच एक भाग होती. 1 एप्रिल 1971 पासून स्वायत्त झाली आणि आता पाषाणला आहे. एका घरातून वेगळे निघालेले हे भाऊ आहेत, आणि आज दोघेही केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली आहेत. गोंधळाचं मूळ इथेच आहे.

कामं मात्र वेगळी. विभाग रोजच्या रोज बांधलेला असतो. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं म्हणजे मोजायचं. पिवळा, नारिंगी, लाल इशारा द्यायचा तो त्यानेच, आणि त्याची जबाबदारीही त्याची. संस्था प्रश्न विचारते, आणि एकेका उत्तरासाठी तिला दहा-दहा वर्षं लागू शकतात. या दोघांचं नातं मला सर्वांत स्पष्ट दिसतं ते एका जुन्या कामात. विभागाच्या 306 पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी घेऊन, मोघम हिशेबाने सपाटीवरच्या जिल्ह्याला एक केंद्र धरून, बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाषाणच्या संस्थेत 1871 पासूनच्या भारतीय पावसाळ्याची सलग मालिका उभी केली. कुठल्या तरी तालुक्याच्या गावी कुणीतरी भर पावसात जाऊन मोजलेले मिलिमीटर त्यात आहेत. जगभरचे अभ्यासक ती मालिका वापरतात.

संस्थेत तयार झालेलं विभागाकडे जातं, पण पारखून. 2012 मध्ये मान्सून मिशन सुरू झालं, त्यात समुद्र आणि वातावरण एकत्र धरणारं संगणकीय मॉडेल संस्थेने भारतीय पावसासाठी घडवलं, आणि 2017 मध्ये ते विभागाच्या हाती दिलं. ढगांत फवारणी केल्याने पाऊस खरंच वाढतो का, हे तपासायला संस्थेच्या प्रयोगातली विमानं 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आभाळात फिरत होती. असे प्रयोग व्हायलाच हवेत. पण प्रयोगाच्या अवस्थेतला नकाशा म्हणजे इशारा नव्हे. एकच मॉडेल सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून अनेकदा चालवतात, आणि प्रत्येक वेळी पावसाचा पट्टा थोडा इकडेतिकडे सरकतो. त्यातला सर्वांत निळा, म्हणजे सर्वांत जास्त पाऊस दाखवणारा नकाशा उचलून कुणी ग्रुपवर टाकला, की आपण घाईने औषधाचा ड्रम कालवतो. विभागातला अंदाजकार हे सगळे नकाशे, रडार, उपग्रह आणि फुग्यांवरून आलेली मोजमापं समोर ठेवून मग बोलतो.

‘दामिनी’ हे ॲप मात्र याला अपवाद. ते संस्थेनेच केलेलं आहे आणि आपल्या आसपासच्या विजेची सूचना देतं. वळवाच्या दिवसांत शेतात मजूर असतील तर ते मोबाईलमध्ये असावंच, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नाशिक जिल्ह्याचा इशारा पुण्याहून निघतच नाही, तो विभागाच्या मुंबईतल्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतो. तो वाचताना ‘घाट’ हा शब्द आधी शोधा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आसपास. नाशिकच्या घाटमाथ्याला दिलेला नारिंगी इशारा पिंपळगावच्या बागेचा नसतो. बागेसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. आपल्या जिल्ह्याचा सल्ला इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातून येतो आणि त्यात पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा दिलेला असतो. डाऊनीसाठी मी आधी आर्द्रतेचा रकाना बघतो.