सरड्याची लाळ आणि कापणारे हात

नागपूरच्या धंतोलीतल्या मेंदूविकाराच्या दवाखान्यांत हल्ली नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: बाबांना कंपवात आहे, हात कापतो, त्यांना शुगरचं ते नवं इंजेक्शन चालेल का? प्रश्न भाबडा नाही. त्यामागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो एका सरड्यापासून.

अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो. वर्षाकाठी मोजक्याच वेळा जेवणारा. (आपल्याकडे तर्री-पोह्यांवर रोज सकाळी ताव मारणाऱ्यांना हे पटायचं नाही.) 1992 मध्ये जॉन एंग यांना त्याच्या विषारी लाळेत एक रेणू सापडला. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. हा रेणू त्याचाच जणू भाऊ. फरक इतकाच, की आपलं संप्रेरक दोन-चार मिनिटांत विरतं, सरड्याचं तासन्‌तास टिकतं. त्यावरून बनलेल्या एक्सेनाटाइडला 2005 मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी मान्यता मिळाली.

मेंदूचा संबंध कुठून आला? मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट असतो, हे रॉटरडॅमच्या पाहणीतून 1999 मध्येच पुढे आलं होतं. पुढे जीएलपी-1 ला प्रतिसाद देणारे ग्राही, म्हणजे पेशींवरचे संदेश झेलणारे रेणू, मेंदूतही असल्याचं दिसलं आणि उंदरांमध्ये या औषधाने डोपामाइन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी तगल्या. औषध तर आधीच बाजारात होतं.

मग लंडनमध्ये कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, रुग्णांवर चाचण्या झाल्या. 2013 ची पहिली 45 जणांची, तीही खोट्या इंजेक्शनशी तुलना न करता. आपल्याला औषध मिळतंय हे माहीत असलेला माणूस बरा वाटल्याचं सांगणारच. 2017 मध्ये 62 जणांवर रीतसर चाचणी झाली, हालचालींच्या 132 गुणांच्या मोजपट्टीवर साडेतीन गुणांचा फायदा दिसला आणि जगभर मथळे झळकले. 2024 मध्ये फ्रान्समध्ये लिक्सिसेनाटाइड या भावंडाने 156 रुग्णांत वर्षभरात साधारण तीन गुणांचा फरक दाखवला. पण औषध घेणाऱ्यांपैकी 46 टक्क्यांना मळमळ झाली.

खरी परीक्षा 2025 ची. एक्सेनाटाइड 194 जणांवर, 96 आठवडे: फायदा शून्य. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल्झायमरचा निकाल लागला. याच कुटुंबातल्या सेमाग्लुटाइडच्या गोळ्या, 3,800 हून अधिक रुग्ण, आणि आजाराचा वेग तसाच.

औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचतच नाही, असं काहींचं म्हणणं. मला दुसरी अडचण जास्त खरी वाटते: हात कापायला लागतो तोवर डोपामाइनच्या कितीतरी पेशी गेलेल्या असतात. आणि नातेवाइकांच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर, ही औषधं भूक मारतात. कंपवाताच्या अनेक रुग्णांचं वजन आधीच उतरत असतं. बाबांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागलाय, हे घरच्यांनीच पाहिलेलं असतं.