हातात उरलेले पंधरा सेकंद

शत्रूचं येणारं क्षेपणास्त्र पाडण्यासाठी बनवलेल्या स्प्रिंट या अमेरिकन क्षेपणास्त्राच्या चाचणीची जुनी फिल्म मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मधल्या काही फ्रेम गळाल्या असाव्यात असं वाटलं. जमिनीवर एक झाकण दिसतं. त्याच्या चिंध्या उडतात, एक पांढरा सुळका वर येतो आणि लगेच मागे नुसता धूर. वेग पाव करून पुन्हा पाहिली, तेव्हा कळलं की काहीच गळालेलं नाही. सुळका बाहेर येतो तेव्हा पेटलेलासुद्धा नसतो. खालच्या दट्ट्याने, गॅसच्या दाबावर, त्याला विहिरीतून वर फेकलेलं असतं. तो हवेत असतानाच पेटतो, आणि मग कॅमेरा फिरवणाऱ्याचा हात पुरत नाही.

श्रीहरिकोट्याहून उठणारं रॉकेट आपण टीव्हीवर पाहतो, ते सुरुवातीला कसं सावकाश, जड अंगाने उठतं! स्प्रिंट पाच सेकंदांत मॅक १० च्या आसपास पोचायचं, म्हणजे ध्वनीच्या दहापट वेग. वेगाचं एवढं कौतुक नको. अण्वस्त्र वाहून नेणारी आंतरखंडीय क्षेपणास्त्रं याच्या दुप्पट वेगाने जातात. पण तो वेग गाठायला ती मिनिटं घेतात. इथे मिनिटं नव्हती.

का नव्हती, ते समजायला १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत जावं लागेल. सोव्हिएत क्षेपणास्त्राचं टोक, म्हणजे बॉम्ब असलेला भाग, अवकाशातून सेकंदाला सुमारे ७ किलोमीटरने खाली येतो. त्याच्याबरोबर खोटे फुगे आणि धातूच्या चंदेरी पट्ट्यांचे ढग सोडले, तर रडारला खरं कोणतं आणि खोटं कोणतं ते ओळखता येत नाही, कारण निर्वात जागेत फुगा आणि बॉम्ब एकाच वेगाने जातात. हवा लागली की मात्र निवड आपोआप होते. फुगे मागे पडतात, पट्ट्या विखुरतात, जड टोक तेवढं सरळ खाली येत राहतं. धान्य वाऱ्यावर उफणावं तसं. म्हणून अभियंत्यांनी ठरवलं, वातावरणाला हे काम करू द्यायचं आणि मग मारायचं. या शहाणपणाची किंमत अशी की तोवर हातात मोजके सेकंद उरतात. स्प्रिंटला विहिरीतून निघून लक्ष्य गाठेपर्यंत साधारण पंधरा सेकंद मिळणार होते. पुढची प्रत्येक चमत्कारिक गोष्ट या पंधरा सेकंदांतून निघते.

मार्टिन मॅरिएटा कंपनीला १९६३ मध्ये काम मिळालं आणि पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९६५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला झालं. लांबी सव्वाआठ मीटर, वजन साडेतीन टन, आकार थेट शंकूचा. त्वरण १०० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट. तुलनेसाठी सांगतो: १९५४ मध्ये जॉन स्टॅप नावाच्या हवाईदलाच्या डॉक्टरने रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेऊन ब्रेक लागताना ४६ जी सोसले, आणि त्यात त्याची दृष्टी काही काळ गेली होती.

पहिला टप्पा जेमतेम सव्वा सेकंद जळायचा. एवढ्या वेळात दिशा बदलायची तर रॉकेटचा नॉझल, म्हणजे झोत बाहेर पडण्याचं तोंड, हलवत बसणं शक्यच नाही. मग काय करायचं? नॉझल पक्का ठेवायचा आणि त्याच्या भिंतीतून एका बाजूने आत फ्रिऑनची पिचकारी मारायची. हो, जुन्या फ्रिजमधल्या गॅसच्याच कुळातला. झोतात त्या बाजूला धक्कालहर उभी राहते, झोत कलतो आणि रॉकेट वळतं.

दाट हवेतून एवढ्या वेगाने जाताना कवच सुमारे ३४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापायचं. गॅस वेल्डिंगची ज्योत त्याच्या किंचित खालीच राहते. फिल्ममध्ये काही क्षणांतच शंकू पांढराशुभ्र तळपताना दिसतो. भोवतालची हवा आयनीभूत होऊन प्लाझ्माचं, म्हणजे विद्युतभारित वायूचं, आवरण तयार होतं, आणि हे आवरण रेडिओलहरी अडवतं. अंतराळवीर परत येताना काही मिनिटं संपर्क तुटतो तो याच कारणाने. तिथे थांबून वाट बघता येते. स्प्रिंटला मार्ग दाखवणारा संगणक मात्र जमिनीवर होता, आणि संपर्क तुटला तर सगळंच संपलं. उपाय अगदी धसमुसळा होता: आवरण भेदून जाईल इतका ताकदवान संदेश खालून पाठवायचा. तो चालला. २३ डिसेंबर १९७० ला पॅसिफिकमधल्या क्वाजलीनजवळ स्प्रिंटने आंतरखंडीय क्षेपणास्त्राचं येणारं टोक गाठलं. ती चाचणी होती. प्रत्यक्षात स्प्रिंटच्या नाकात न्यूट्रॉनचा मारा करणारा छोटा अणुबॉम्ब असणार होता, म्हणजे आपल्याच डोक्यावर अणुस्फोट करून आपलं रक्षण. त्या काळाच्या हिशेबात हेही बसत होतं.

काहींना १०० जीसुद्धा कमी वाटले. अमेरिकेच्या आर्पा या लष्करी संशोधन संस्थेने बोइंगकडून हायबेक्स नावाचा प्रयोग करून घेतला. हे शस्त्र म्हणून बनवलंच नव्हतं. येणारं टोक जमिनीपासून सहा-सात किलोमीटरच्या खाली आलं असताना त्याला गाठता येईल का, एवढंच पाहायचं होतं. पाच मीटरचा, बाराशे किलोच्या आतबाहेरचा शंकू. जळण्याचा काळ एक सेकंदाहून जरा जास्त. आणि त्वरण ४०० जीच्या जवळ.

इथे कोणालाही वाटेल की अडचण इलेक्ट्रॉनिक्सची आली असेल. तसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातच तोफगोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या फ्यूजमध्ये काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब वीस हजार जीचा दणका सोसत होत्या. घोडं अडलं होतं इंधनापाशी. घन इंधन सगळं एकदम पेटत नाही, उदबत्तीसारखं पृष्ठभागावरून आत आत जळत जातं, आणि नेहमीच्या मोटरमध्ये हा वेग सेकंदाला सेंटीमीटरभर असतो. सेकंदात सगळं जाळायचं तर पृष्ठभाग वाढवावा लागतो किंवा जळण्याचा वेग, खरं तर दोन्ही. पण हे इंधन असतं रबर किंवा घट्ट खरवसासारखं. ४०० जीखाली त्यातल्या प्रत्येक किलोचा भार ४०० किलोचा होतो. इंधनाची वडी आपल्याच वजनाने दबली, तडकली, की तडेही पेटतात, जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटते. त्यातून रॉकेट जसं हलकं होत जातं तसं त्वरण आणखी वाढतं, म्हणजे वडी सर्वांत कमी उरलेली असते तेव्हाच ओझं सर्वांत जास्त. हायबेक्सच्या इंधनात झिर्कोनियमचे स्टेपलच्या पिनांसारखे बारीक तुकडे मिसळले होते. काँक्रीटमध्ये सळया घालतात, तसाच प्रकार. शिवाय झिर्कोनियम स्वतःही जळतो. मला या सगळ्या कथेत हे सर्वांत देखणं वाटतं.

स्प्रिंटची तैनाती नॉर्थ डकोटात, नेकोमा गावाजवळ झाली. १ ऑक्टोबर १९७५ ला यंत्रणा पूर्ण सज्ज झाली आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकन प्रतिनिधीगृहाने ती बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. ७० स्प्रिंट आणि अवकाशात मारा करणारी ३० स्पार्टन, एवढ्यांनी सोव्हिएत संघाच्या शेकडो क्षेपणास्त्रांचं काय होणार, हा प्रश्न बिनतोड होता.

पुढे वेगाचा हाच अट्टहास रणगाडे फोडण्याकडे वळला. इथे एक साधा हिशेब करून पाहा. एक किलो वस्तू सेकंदाला ३ किलोमीटरने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा जवळपास एक किलो टीएनटीइतकी भरते. मग स्फोटक कशाला हवं? सेकंदाला दीड किलोमीटरला ती ऊर्जा पाव होते, तरी ती लांब, जड धातूच्या सळईच्या टोकाशी एकवटली तर पोलादाचं चिलखत तिच्यापुढे द्रवासारखं बाजूला सरतं. आपल्या अर्जुन रणगाड्याच्या तोफेतला सळईचा गोळा पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर बनवला.

अमेरिकेने ही सळई रॉकेटमध्ये घातली. त्याचं नाव लोसॅट. ८० किलो वजन, २.८५ मीटर लांबी, स्फोटक शून्य, वेग सेकंदाला दीड किलोमीटर. अशी चार हम्वी या लष्करी गाडीच्या टपावर. एवढ्या वेगात शेपटीचे पंख वळवून भागत नाही, म्हणून नाकाजवळ गोलाकार बसवलेल्या चिमुकल्या मोटरी एकेक करून पेटवत त्याला वळवायचे. चार किलोमीटरवरचा रणगाडा चार-पाच सेकंदांत गाठायचं, आणि तोफेच्या गोळ्याच्या कितीतरी पट ऊर्जा घेऊन.

पण तोफेचा गोळा नळीच्या तोंडाशी सर्वांत वेगवान असतो, पुढे मंदावतो. रॉकेटचं उलटं. शत्रू जवळ असेल तर त्याला वेग घ्यायलाच जागा मिळत नाही, आणि सगळी ताकद वेगातच असल्यामुळे जवळच्या रणगाड्यावर ते कमी पडतं. त्यावर उपाय म्हणून आणखी झपाट्याने वेग घेणारं, दीड मीटर लांबीचं आणि ४५ किलोचं सीकेईएम नावाचं क्षेपणास्त्र आलं, ध्वनीच्या सहापटींहून जास्त वेगाचं. तेही सैन्यात दाखल झालं नाही. लोसॅट २००४ मध्येच गुंडाळलं होतं. तोवर खांद्यावरून सुटणारं जॅव्हलिन क्षेपणास्त्र रणगाड्याच्या पातळ छतावर वरून पडत होतं, ध्वनीपेक्षाही कमी वेगाने.