मानसिक आजार: उपचारांचा हक्क वेगळा, विम्याचा वेगळा

‘मानसिक आजाराला आता कायद्याने कव्हर आहे’ असं कुणी म्हणालं की विचारावं, कोणत्या कलमाने? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १८ उपचार मिळण्याचा हक्क देतं. तो सरकारकडे मागायचा, म्हणजे आपल्यासाठी बहुतेक वेळा राज्य सरकारकडे. कलम २१ चं चौथं पोटकलम विमा कंपन्यांना बांधतं. बातम्यांमध्ये दोन्हींची खिचडी होते आणि लोक भलत्याच खिडकीवर जाऊन उभे राहतात.

विम्याचं पोटकलम एका वाक्याचं आहे. शारीरिक आजारासाठी ज्या आधारावर वैद्यकीय विमा मिळतो, त्याच आधारावर प्रत्येक कंपनीने मानसिक आजारासाठीही तरतूद करायची. विमा नियामक ‘इर्डाय’ने ऑगस्ट २०१८ मध्ये तसं परिपत्रकही काढलं. तरी पॉलिसीतल्या वगळलेल्या आजारांच्या यादीत मानसिक आजार ठाण मांडून होते. स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डर हा गंभीर मानसिक आजार असलेल्या एका रुग्णाचा क्लेम असाच नाकारला गेला. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला कंपन्यांना पुन्हा बजावावं लागलं.

खरी मेख मात्र ‘त्याच आधारावर’ या शब्दांत आहे. नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी रुग्ण किमान २४ तास दाखल झाला तर पैसे देते. गुडघ्याला जो नियम तोच मनाला, म्हणून कागदावर समानता पुरी झाली. पण गुडघा बदलायला दाखल व्हावंच लागतं, नैराश्याचा रुग्ण बहुधा दाखल होतच नाही. डॉक्टरांची फी, समुपदेशन, वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्या, सगळा खर्च ओपीडीतला. ओपीडीचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर यातलं काहीच मिळत नाही. त्यात आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, असतोच. आणि गोळ्या चालू असल्याचं पॉलिसी घेतानाच्या प्रपोजल फॉर्मवर लपवलं असेल, तर कंपनीला नकारासाठी दुसरं कारण शोधावं लागत नाही.

कलम १८ ला ही दाखल होण्याची अट नाही, म्हणून माझ्या मते सामान्य घराला तेच अधिक कामाचं. गाजावाजा मात्र विम्याचाच. या कलमात ओपीडी आहे, पुनर्वसन आहे, कुटुंबाला आधार आहे. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वर, सगळ्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत. ती सगळ्यांना, फक्त गरिबांना नव्हे. दारिद्र्यरेषेखालच्या, निराधार आणि बेघर रुग्णांचे तर सरकारी ठिकाणचे सगळेच उपचार मोफत, आणि त्यासाठी बीपीएल कार्ड हातात असायलाच हवं असं नाही, हे कायद्यातच लिहिलंय. जिल्ह्यात सरकारने द्यायच्या किमान सेवाच नसतील, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेता येतात आणि खर्च सरकारवर. सरकारी उपचार म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीचं मनोरुग्णालय, हा समज त्यामुळे अपुरा आहे. कायद्याला हे उपचार जिल्ह्यातच मिळायला हवे आहेत. प्रत्यक्षात ‘औषध संपलंय, बाहेरून घ्या’ हे उत्तर मिळू शकतं, ते वेगळं.

तक्रारीच्या वाटाही दोन. सरकारी दवाखान्यातल्या सेवेची तक्रार आधी तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि तिथेही समाधान झालं नाही तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. क्लेमची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली क्लेम नाकारला, ते कंपनीकडून लेखीच घ्यावं.